नागरिकशास्त्र : पाठांतराचा विषय कीं आचरणाचा?

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे सहावी, सातवी आणि आठवी ह्या इयत्तांतील मुलांच्या तोंडून एक वाक्य आम्हांस दरवर्षीं ऐकूं येतें. "इतिहास झाला, आतां नागरिकशास्त्राचीं थोडीं पानें उरलीं आहेत, तीं एका रात्रींत पाठ होतील." मुलांचें हें बोलणें ऐकून आईबापांस समाधान वाटतें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हां शिक्षकांसही त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. गणिताचा अभ्यासक्रम मागें पडला कीं आम्ही नागरिकशास्त्राचा तास उसना मागतों. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या कीं पहिला बळी ह्याच तासाचा जातो. आणि उसना घेतलेला तास परत केल्याचें उदाहरण आमच्या स्मरणांत नाहीं. ज्या विषयाची अशी परवड चालली आहे, त्याच्या बाजूनें चार शब्द लिहावेत, एवढ्याच हेतूनें आम्ही आज लेखणी हातीं घेतली आहे.

आपल्या राज्यांत गेलीं कित्येक वर्षें इतिहास आणि नागरिकशास्त्र हे दोन विषय एकाच पुस्तकांत बांधले गेले आहेत. पुस्तकाचा पुढचा आणि मोठा भाग इतिहासाचा; मागचा लहान भाग नागरिकशास्त्राचा. त्या लहान भागांत मात्र फार मोठा मजकूर आहे. सहावींतील मुलास गांवचा कारभार कसा चालतो हें सांगावयाचें, सातवींतील मुलास राज्यघटनेची ओळख करून द्यावयाची, आणि आठवींतील मुलास संसद, मंत्रिमंडळ व न्यायालयें ह्यांचें काम समजावून द्यावयाचें, असा तो क्रम आहे. क्रम उत्तम आहे; मुलाच्या उंबरठ्यापासून दिल्लीपर्यंत तो पायरीपायरीनें जातो. परंतु वर्गांत होतें काय? "ग्रामपंचायतीचीं कोणतींही चार कामें लिहा," ह्या प्रश्नाचें उत्तर मुलगी न अडखळतां देते. पण ती ज्या नळावर हंडा भरते त्या नळाला पाणी कोठून येतें, त्याचा खर्च कोण करतो आणि नळ बिघडला तर तक्रार कोणाकडे करावयाची, हें तिला ठाऊक नसतें. उत्तराला पूर्ण गुण मिळतात, आणि नळ गळतच राहतो.

हा प्रश्न केवळ गुणांचा असता तर आम्हीं त्यासाठीं वार्षिकाचीं पानें अडविलीं नसतीं. १९८९ सालापासून आपल्या देशांत मतदानाचें वय एकवीसावरून अठरा वर्षांवर आलें आहे. आज आठवींत बसणारें मूल तेरा-चौदा वर्षांचें असतें. म्हणजे त्याच्या हातीं मत पडण्यास अवघीं चार-पांच वर्षें उरलेलीं असतात. आमच्या उंब्रजच्या आणि चरेगांव, शिवडे, इंदोली, मसूर अशा भोंवतालच्या गांवांच्या पंचायती उद्यां हींच मुलें निवडणार आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं तेथें निवडूनही जाणार आहेत. शेतकऱ्याचें पोर बैलामागें चालतां चालतां नांगर धरावयास शिकतें. पोहणारें पोर तारळी-कृष्णेच्या पाण्यांत उतरून शिकतें. नागरिकाचें काम मात्र फळ्यावरचीं वाक्यें वहींत उतरून शिकतां येईल, असा आमचा समज कां झाला असावा?

नागरिकत्व म्हणजे काय, हें समजून घेण्यास आपणांस दूर जाण्याची गरज नाहीं. येथून जवळच असलेल्या मसूरच्या रेल्वे-स्थानकापर्यंत गेलों तरी पुरे. इ. स. १९०१ च्या सुमाराची ही हकीकत आहे. साताऱ्यास राहणारीं चार मुलें आगगाडीनें संध्याकाळीं पांचच्या सुमारास त्या स्थानकावर उतरलीं. खटाव तालुक्यांत गोरेगांव येथें दुष्काळग्रस्तांना काम मिळावें म्हणून सरकारनें तलाव खोदण्याचें काम काढलें होतें. तेथें एका मुलाचे वडील खजिनदाराच्या हुद्द्यावर होते, आणि सुटी वडिलांकडे घालवावी म्हणून तो आपल्या थोरल्या भावाला व दोघां भाच्यांना घेऊन निघाला होता. मुलांच्या अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. आनंदाला पारावार नव्हता. वडिलांना पाठविलेलें पत्र वेळेवर न पोंचल्यामुळें न्यावयास कोणीच आलें नाहीं. स्टेशनमास्तरानें आपुलकीनें चौकशी केली. परंतु मुलांनीं आपली जात सांगतांच त्याचा चेहरा पालटला आणि तो पाठ फिरवून निघून गेला. बैलगाडीवाले मुलांना गाडींत घेईनात. अखेर दुप्पट भाडें द्यावयाचें, गाडी मुलांनींच हांकावयाची आणि गाडीवाल्यानें बाजूनें चालावयाचें, अशा अटीवर एक गाडी मिळाली. जवळ शिदोरी होती, पण तिच्याबरोबर पिण्यास पाणी नव्हतें. वाटेंत लागलेल्या ओढ्यांत चिखल आणि शेण. मध्यरात्रीं जकातीच्या नाक्यावर पाणी मागितलें, तेंही मिळालें नाहीं. चारही मुलें भरल्या डब्यापाशीं उपाशी निजलीं.

त्यांतील नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. पुढें ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली. आमच्या वर्गांतील मुलांना हें स्थानक माहीत आहे. कित्येकांनीं तेथून गाडी धरलेली आहे. परंतु राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली आणि पंधराव्या कलमानें विहिरी, तलाव, रस्ते ह्यांचा वापर सर्वांना खुला केला, हें पाठ करणाऱ्या मुलाला त्या कलमांचा मसूरच्या त्या संध्याकाळशीं संबंध आहे, हें आम्हीं कधीं सांगितलेंच नाहीं. ज्या मुलाला ह्याच मातींत घोटभर पाणी मिळालें नाहीं, तोच पुढें देशाच्या घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचा अध्यक्ष झाला. ही गोष्ट सांगून झाल्यावर कलमें पाठ करून घ्यावीं लागत नाहींत. तीं मनांत जाऊन बसतात.

त्या कथेंतील आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. स्टेशनमास्तर शिकलेला होता. सरकारी नियम, तिकिटांचे दर, गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ असल्या पाहिजेत. ज्ञानाची उणीव त्याच्या ठिकाणीं नव्हती. उणीव होती ती समोरच्या मुलाला आपल्यासारखाच माणूस मानण्याची. जें शिक्षण ही उणीव भरून काढीत नाहीं, त्याला नागरिकशास्त्र हें नांव आम्ही कोणत्या तोंडानें द्यावें?

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न ह्याच जिल्ह्यांत झाले आहेत, आणि ते पुस्तकांतून झाले नाहींत. कऱ्हाड तालुक्यांतील काले ह्या गांवीं ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं भाऊराव पाटील ह्यांनीं रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ सालीं संस्थेचें ठाणें साताऱ्यास हलविल्यावर तेथें त्यांनीं जें वसतिगृह चालविलें, त्याला १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें 'श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस' हें नांव देण्यांत आलें. ह्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींची आणि धर्मांचीं मुलें एका छपराखालीं राहत, एका पंक्तीला जेवत आणि आपलीं कामें आपल्या हातांनीं करीत. समतेवर तेथें व्याख्यान झालें असेल वा नसेल. पण शेजारच्या मुलानें रांधलेली भाकरी रोज खाणाऱ्याला त्या व्याख्यानाची फारशी गरज उरत नाहीं. 'कमवा आणि शिका' ही योजना आज महाराष्ट्रभर ठाऊक आहे. तिच्या मुळाशीं नागरिकशास्त्राचाच पाठ आहे, असें आम्हांस वाटतें.

दुसरें उदाहरण आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं अजून ताजें आहे. १९४२ च्या चळवळींत ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत कऱ्हाड, तासगांव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर लोकांचे मोर्चे गेले. वडूजला ९ सप्टेंबर रोजीं गोळीबारांत माणसें धारातीर्थीं पडलीं. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं, आज ज्यांना आपण सातारा आणि सांगली म्हणतों त्या प्रदेशांत, प्रतिसरकार उभें राहिलें व तें १९४६ पर्यंत चाललें. प्रतिसरकार म्हटलें कीं मुलांना रेल्वेचे खजिने आणि भूमिगतांचा पाठलाग एवढेंच आठवतें, आणि तें वय लक्षांत घेतां स्वाभाविकच आहे. परंतु गांवोगांवीं न्यायदान मंडळें बसलीं, वर्षानुवर्षांचे तंटे गांवांतच मिटविले गेले, थोड्या खर्चांत लग्नें लागलीं, वाचनालयें निघालीं, ही बाजू तितकीच मोठी आहे. वरून कोणी हुकूम देणारा नसतांना साध्या शेतकऱ्यांनीं कारभार हातीं घेतला. मात्र त्या कारभारांत कांहीं शिक्षा फार कठोर होत्या, हेंही मुलांपासून लपवूं नये. "न्याय लवकर मिळावा म्हणून शिक्षा कठोर असावी काय?" असा प्रश्न सातवीच्या वर्गापुढें ठेवून पाहा. घरच्या आजोबा-पणजोबांचें नांव ज्या प्रश्नाशीं जोडलेलें आहे, त्यावर मुलें किती कळकळीनें आणि किती जपून बोलतात, हें पाहण्यासारखें असतें.

तिसरें उदाहरण औंध संस्थानचें. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं गांधीजींच्या सल्ल्यानें १९३९ सालीं आपली सत्ता प्रजेच्या हातीं सोंपविणारी घटना अमलांत आणली. तिचा पाया गांवची पंचायत हा होता. त्याच संस्थानांत, आतां सांगली जिल्ह्यांत असलेल्या आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर ही भिंतीवांचूनच्या तुरुंगाची वसाहत वसली. जबर गुन्ह्यांतील कैदी तेथें विश्वासावर राहून शेती करीत. व्ही. शांताराम ह्यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट ह्याच प्रयोगावरून सुचला. जेथें कैद्यांच्या हातीं कोयता-कुदळ देऊन त्यांच्यावर विश्वास टाकतां आला, तेथें शाळेंतील मुलांच्या हातीं आम्ही एका कपाटाची किल्ली देण्यासही कचरतों, ह्याचा विचार मनांत येऊन आम्हांस संकोच वाटतो.

किल्लीची गोष्ट निघाली म्हणून आमचीच एक चूक येथें कबूल करतों. एके वर्षीं आम्हीं सातवीच्या वर्गांत मोठ्या थाटानें निवडणूक घेतली. उमेदवारी अर्ज, चिन्हें, मतपेटी, बोटाला शाई, कांहीं म्हणून कमी ठेविलें नाहीं. मंत्रिमंडळ बनलें; एक मुलगी आरोग्यमंत्री झाली. पंधरा दिवसांनीं ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, पिण्याच्या पाण्याची टाकी महिनाभर धुतलेली नाहीं. टाकीची किल्ली मिळाली तर आम्ही शनिवारीं धुऊं." आम्हीं तिला सांगितलें कीं तें काम शिपायाचें आहे, तूं फक्त वर्गांतील मुलांचीं नखें तपासून यादी करावी. ती क्षणभर थांबली आणि अगदीं शांतपणें म्हणाली, "मग मला निवडलें कशाला?"

ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. निवडणुकीचा देखावा आम्हीं उत्तम वठविला होता. अधिकार मात्र एक रतिभरही दिला नव्हता. मुलांनीं त्या पंधरा दिवसांत जो धडा घेतला असेल तो असा, कीं मत देणें हा एक सण आहे, आणि सण संपला कीं कारभार पूर्वीच्याच माणसांनीं पूर्वीसारखाच चालवावयाचा असतो. मोठेपणीं हीच समजूत बाळगून वागणारे नागरिक आपण भोंवतालीं पाहतों. ती त्यांना आमच्यासारख्यांच्या वर्गांतच लागली नसेल कशावरून? दुसऱ्या दिवशीं आम्हीं किल्ली त्या मुलीच्या हातीं दिली आणि एक वही करून दिली. टाकी धुतल्याची तारीख, कोणी धुतली, किती वेळ लागला, ह्याची नोंद तींत होऊं लागली. मोठ्या माणसावांचून टाकीजवळ जावयाचें नाहीं, हा नियम वर्गानेंच केला. मधून मधून खंड पडे. कामाची पाळी सदैव मुलींवरच कां येते, ह्यावर एकदां चांगलाच वाद झाला आणि पाळ्या नव्यानें ठरल्या. हें सर्व पाहून आमची खात्री झाली कीं त्या वर्षीं नागरिकशास्त्राचा खरा तास त्या टाकीपाशीं भरला होता.

अमेरिकेंतील तत्त्वज्ञ जॉन ड्यूई ह्यांनीं १९१६ सालीं लोकशाही आणि शिक्षण ह्या विषयावर एक ग्रंथ लिहिला. लोकशाही ही केवळ राज्यकारभाराची पद्धत नसून एकत्र जगण्याची रीत आहे, आणि ती रीत शाळेंतच अंगीं बाणली पाहिजे, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे. मसूरच्या स्थानकावर उतरलेला तो मुलगा पुढें १९१३ ते १९१६ ह्या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत ह्याच ड्यूईंच्या हाताखालीं शिकला. हा योगायोग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

आतां कोणी विचारील, कीं एवढें सांगितल्यावर शाळेनें नेमकें करावें तरी काय? आमच्या अल्प अनुभवाप्रमाणें तीन-चार गोष्टी सुचवितों. त्यांना पैसा लागत नाहीं. थोडी चिकाटी मात्र लागते.

पहिली गोष्ट, घरपट्टीच्या पावतीचा पाठ. सहावींतील प्रत्येक मुलानें घरची जुनी पावती वर्गांत आणावी. तींत घरपट्टीबरोबर दिवाबत्तीचा कर असतो, आरोग्य कर असतो, पाणीपट्टी असते. कोणत्या नांवाखालीं किती रक्कम गेली, तिची बेरीज करावी; मग आपल्या गल्लींतील दिवा लागतो कां, गटार साफ होतें कां, हें पाहून यावें. ज्यांच्या घरची पट्टी थकलेली असेल त्यांना लाज वाटूं नये म्हणून नांवें झांकावीत. ह्या एका कागदावर गणितही आहे, मराठीही आहे आणि नागरिकशास्त्रही आहे. पट्टी न भरतां दिव्याची तक्रार करणारा आणि पट्टी भरूनही मुकाट अंधारांत चालणारा, हे दोघेही अपुरे नागरिक आहेत, हें मुलांच्या आपोआप ध्यानांत येतें.

दुसरी गोष्ट, ग्रामसभेचें दर्शन. कायद्याप्रमाणें वर्षांतून निदान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. गांवच्या मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, ह्यांपैकीं जी संख्या कमी असेल तितकीं माणसें आलीं कीं सभा भरते. हजारों वस्तीच्या गांवांत शंभर माणसें म्हणजे कांहीं फार नव्हेत. तरीही गणसंख्येअभावीं सभा तहकूब झाल्याचें आपण ऐकतों. मुलांना मत नाहीं, बोलण्याचा हक्क नाहीं. पण सरपंचांची परवानगी घेऊन वर्गानें एका कोंपऱ्यांत बसून ऐकावयास काय हरकत आहे? कोण बोललें, कोण गप्प राहिलें, बायका किती आल्या, कोणता ठराव झाला, ह्याचें टिपण मुलांनीं करावें आणि पुढील सभेच्या वेळीं त्या ठरावाचें काय झालें हें विचारावें. स्वित्झर्लंडमध्यें ग्लारूस नांवाच्या प्रांतांत आजही सारे मतदार उघड्या चौकांत जमून हात वर करून कायदे ठरवितात; त्याच सभेनें २००७ सालीं मतदानाचें वय सोळावर आणलें. त्या सभेचें चित्र पुस्तकांत पाहून आमचीं मुलें चकित होतात. आपल्या गांवच्या चावडींत तसाच अधिकार आपल्या आईबापांना कायद्यानें दिला आहे, हें मात्र त्यांना ठाऊक नसतें.

मुलींसाठीं तर हें दर्शन विशेष अगत्याचें आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ सालीं अमलांत आली, तेव्हां पंचायतींतील एक-तृतीयांश जागा स्त्रियांकरितां राखल्या गेल्या. २०११ सालापासून आपल्या राज्यांत त्या निम्म्या झाल्या. आज सातवींत बसणारी मुलगी उद्यां सरपंच होण्याचा संभव तिच्या पणजीच्या काळीं स्वप्नांतही नव्हता. परंतु जागा राखून ठेवल्यानें आवाज राखला जात नाहीं. सही तिची आणि कारभार घरच्या पुरुषाचा, असें जेथें चालतें तेथें दोष केवळ त्या पुरुषाचा नाहीं. चारचौघांत उभें राहून आपलें म्हणणें मांडण्याची संवय जिनें तिला लावावयाची, त्या शाळेचाही आहे.

तिसरी गोष्ट, वादविवाद. शाळेंत वक्तृत्वस्पर्धा पुष्कळ होतात. पण पाठ केलेलें भाषण म्हणजे वाद नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेला महापूर आला आणि सातारा-सांगलीकडील कित्येक गांवें पाण्यांत गेलीं. धरणाचें पाणी केव्हां सोडावें, नदीकांठच्या जागेंत बांधकामास परवानगी द्यावी कां, पूरग्रस्तांची मदत कोणास आधीं मिळावी, अशा प्रश्नांवर मुलांना बोलूं द्यावें. आज एका बाजूनें बोललेल्या मुलानें उद्यां दुसऱ्या बाजूनें बोलावें, हा नियम आम्हांस फार उपयोगी वाटला. विरुद्ध पक्षाचें म्हणणें नीट सांगतां येणें, ही नागरिकाची पहिली परीक्षा आहे. जो तें सांगूं शकत नाहीं, तो मोठेपणीं हातांतील फोनवर आलेली कोणतीही बातमी खरी मानून दहा जणांस पाठवितो.

आतां आक्षेपांकडे वळूं. पालकांचा पहिला आक्षेप असा, कीं ह्या उद्योगांत मुलांचे गुण कमी होतील. आमचें म्हणणें असें, कीं पाहिलेली ग्रामसभा विसरत नाहीं, आणि पाठ केलेली ग्रामसभा दुसऱ्या दिवशीं आठवत नाहीं. तरी क्षणभर मान्य करूं कीं दोन गुण कमी पडले. आपल्या मुलाला उद्यां सातबाऱ्याचा उतारा वाचतां आला, माहितीचा अर्ज लिहितां आला आणि शेजाऱ्याशीं तंटा न करतां बोलतां आलें, तर ते दोन गुण महाग पडले असें आपण म्हणाल काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "शाळेंत राजकारण आणूं नका," असें सज्जन माणसें आम्हांस बजावतात. त्यांची भीति अनाठायीं नाहीं. गांवांत गट आहेत, पार्ट्या आहेत. शिक्षकानें आपल्या पक्षाचें मत मुलांच्या गळीं उतरविलें तर तो विश्वासघातच ठरेल. म्हणून आम्हीं स्वतःवर एक बंधन घालून घेतलें आहे : वर्गांत प्रश्न आम्हीं विचारावा, बाजू मुलांनीं घ्यावी, आणि आमचें मत कोणतें हें वर्षअखेरही मुलांना कळूं नये. परंतु राजकारण नको म्हणून सार्वजनिक प्रश्नच नको, असें म्हणणें म्हणजे पोर बुडेल म्हणून त्याला पाण्याजवळ जाऊं न देण्यासारखें आहे. अशा पोराला पोहतां येत नाहीं. आणि पूर तर यावयाचा तेव्हां येतोच. याच कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांतील एका विद्यार्थ्यानें १९३२ सालीं तिरंगा फडकविला आणि अठरा महिन्यांची शिक्षा भोगली. देवराष्ट्रे गांवीं जन्मलेला तो विद्यार्थी म्हणजे यशवंतराव चव्हाण; १ मे १९६० रोजीं ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्याच कारकीर्दींत १९६२ सालीं राज्यांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. सार्वजनिक प्रश्नांची ओळख लहान वयांत झाली म्हणून मुलगा वाया जातो, हा सिद्धान्त निदान आमच्या तालुक्याला तरी लागू पडत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, शेवटीं थोडें तुमच्याशीं. घटनेनें तुम्हांस हक्क दिले आहेत, तशीं कर्तव्येंही सांगितलीं आहेत. १९७६ सालीं दहा कर्तव्यें घटनेंत आलीं आणि पुढें अकरावें जोडलें गेलें. तीं पाठ जरूर करा; पण पाठ केल्यावर त्यांतील एक निवडून वर्षभर पाळून पाहा. वर्गांत नव्यानें आलेल्या, कोणाशीं न बोलणाऱ्या मुलाला आपल्या बाकावर जागा द्या. डबा खातांना कोणी एकटें बसत असेल तर तेथें जाऊन बसा. पाण्याचा गळका नळ दिसला तर बंद करा, आणि बंद होत नसेल तर कोणास सांगावयाचें हें शोधून काढा. ह्या गोष्टी लहान आहेत असें समजूं नका. मसूरच्या त्या संध्याकाळीं एका माणसानें तांब्याभर पाणी पुढें केलें असतें, तर तीही लहानच गोष्ट झाली असती.

आणि पालकवर्गास आमची नम्र विनंति इतकीच, कीं मूल शाळेंतून आल्यावर "आज किती गुण मिळाले?" ह्या प्रश्नाबरोबर "आज वर्गांत कोणता प्रश्न निघाला?" असेंही कधीं विचारावें. घरपट्टीची पावती त्याच्या हातीं द्यावी. ग्रामसभेला जातांना त्याला बरोबर घ्यावें. त्याला घेऊन जावयाचें म्हणून तरी आपण स्वतः जावें. आपण आपल्या घरीं कामाला येणाऱ्या बाईंशीं, गाडीवाल्याशीं, दाराशीं आलेल्या अनोळखी माणसाशीं कसें बोलतां, हें तें मूल पाहत असतें. त्याचें नागरिकशास्त्राचें पहिलें पुस्तक तेंच आहे. दुसरें पुस्तक शिकविण्याची जबाबदारी आमची. तिच्यांत आम्हीं आजवर हयगय केली, हें वर कबूल केलेंच आहे. येत्या वर्षीं निदान नागरिकशास्त्राचा तास उसना मागावयाचा नाहीं, एवढा निश्चय आम्हीं केला आहे. आणि तो मोडला तर आम्हांस जाब विचारण्याचा पूर्ण अधिकार ह्या लेखानें आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांस देत आहों.